क्लाइव्हनं ब्रेक बदलले

नोरीननं वृद्धाश्रमाच्या फाटकाशी ब्रेक दाबला आणि गाडी गुलाबाच्या ताटव्यात जाऊन थांबली. ब्रेकमुळे नव्हे, गुलाबांमुळे. तिची आई आयव्हीबाई खिडकीतून हे सगळं पाहत होती. लेक वर आली तेव्हा म्हातारी एवढंच म्हणाली, "आज फुलं आणलीस म्हणायची."

वॉलरू गावातल्या घरी परतल्यावर नोरीननं गाडीची किल्ली नवऱ्यापुढे टाकली. "क्लाइव्ह, मला नवी गाडी नको, रंग नको, काही नको. दाबला की लागेल असा ब्रेक तेवढा दे. आईकडे जायला तासभर लागतो आणि तो सगळा तास मी देवाचं नाव घेत असते."

क्लाइव्ह ट्रिझाइस बंदरावरच्या धान्याच्या कोठारातून नुकताच निवृत्त झाला होता. घरात हीच एक गाडी, त्याच्या वडिलांच्या वेळची, चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक. दुसऱ्या कुणी नवे लायनर टाकले असते आणि जेवून झोपला असता. पण क्लाइव्हच्या डोक्यात कित्येक वर्षं एक बेत शिजत होता.

"लायनर कशाला?" तो म्हणाला. "याच कंपनीच्या मोठ्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक असतात. तिचे काढायचे, हिला लावायचे. शनिवारपर्यंत काम खलास."

गावाबाहेर बेव्हन रोवेटचा भंगाराचा अड्डा होता. तसली एक मोठी गाडी तिथे चाकं वर करून पडली होती.

"बसेल का रे?" क्लाइव्हनं विचारलं.

"बसेल म्हणजे? एकाच आईची लेकरं आहेत दोघी!"

क्लाइव्हनं डिस्क आणली, चाक ज्यावर बसतं तो हब आणला आणि आपल्या गाडीच्या जुन्या दांड्यावर चढवला. पोराच्या बोटात बापाची अंगठी घालावी तसा तो गरगर फिरला. बेअरिंग मोठ्या मापाचे होते. मग दांडेही मोठ्या गाडीचे आणले. आता हब बसला, पण चाक बसेना. बोल्ट दोन्हीकडे पाचच, फक्त मोठीचे एकमेकांपासून जरा दूर.

"मग चाकंही ने की," बेव्हन म्हणाला. त्याचा धंदा बरा चालला होता.

शनिवारी नोरीननं गाडीभोवती एक फेरी मारली. पुढची चाकं नवी, मागची जुनी. "स्टेपनी कुठल्या चाकाला बसते?"

"मागच्या."

"आणि पुढचं पंक्चर झालं तर?"

क्लाइव्ह मागच्या दोन चाकांना जोडणारा अ‍ॅक्सल आणायला गेला. आईकडे जायचा नोरीनचा तो रविवार बुडाला.

मोठ्या गाडीचा अ‍ॅक्सल रुंद निघाला. मागची चाकं मडगार्डबाहेर आली आणि गाडी गुडघे फाकवून बसल्यासारखी दिसू लागली. क्लाइव्ह तणतणत बेव्हनकडे गेला. "एकाच आईची लेकरं म्हणालास ना?"

"आई एकच रे," बेव्हन शांतपणे म्हणाला. "बापाची खात्री मी कधी दिली?"

मग तिसऱ्याच एका गाडीचा अ‍ॅक्सल आला. तो बसला, पण हँडब्रेकची तार आखूड पडली. तार मिळाली तेव्हा ब्रेकचं पेडल थेट जमिनीला टेकायला लागलं, कारण डिस्कला तेल जास्त लागतं. म्हणून चौथ्या गाडीचा, तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर आणला. तो मोठा असल्यामुळे बॅटरीला जागा उरली नाही. बॅटरी डिकीत गेली.

नोरीन आता बसनं जात होती. बस शनिवारी जायची आणि सोमवारी परतायची. म्हणून ती वृद्धाश्रमातल्या स्वयंपाकीणबाईच्या, ग्लेनिसच्या घरी मुक्काम करू लागली. एकदा ग्लेनिसची पाठ धरली आणि नोरीननं तिच्या जागी सगळ्या म्हाताऱ्यांना पेस्टी करून घातल्या. मटण, बटाटा, सलगम, वर खरपूस पारी. म्हाताऱ्यांनी ताटं पुसून खाल्ली.

"पुढच्या आठवड्यात थांबशील का म्हणून विचारतायत," तिनं फोनवर सांगितलं.

"थांब की," गाडीखालून क्लाइव्ह म्हणाला. "तोवर होतंच आहे इकडे."

फोन आयव्हीबाईंनी ओढून घेतला. "जावईबापू, गाडी दुरुस्त करताय की एकीचं तिघींशी लग्न लावताय?"

आठवड्याचे दोन झाले, मग नोरीन मोजेनाशी झाली. क्लाइव्ह डब्यातलं खात होता आणि रात्री सिंकमध्येच बेअरिंग धूत होता. सरकारी वाहन-तपासनिसानं गाडी दोनदा परत पाठवली. तिसऱ्यांदा तोही कंटाळला असावा. त्यानं गाडी पास केली.

क्लाइव्हनं दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि न कळवता निघाला. वृद्धाश्रमाच्या दारात त्यानं ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली, खडासुद्धा उडाला नाही.

नोरीन एप्रनला हात पुसत बाहेर आली. "झाली?"

"बस. तूच चालव."

तिनं एक फेरी मारली. वळणावर ब्रेक दाबला, उतारावर दाबला, परत दाबला. तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "क्लाइव्ह, खरंच छान झालंय रे. इतके चांगले ब्रेक मी कधी पाहिले नाहीत."

क्लाइव्हची छाती फुगली. त्यानं मागचं दार उघडलं. "बॅग सीटवर ठेवू. डिकीत बॅटरी आहे."

"कुणाची बॅग?"

"तुझी. घरी नाही का यायचं?"

नोरीननं किल्ली त्याच्या हातात ठेवली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं. "मी दर शनिवारी तुझी वाट बघायचे. मग बघायची सोडून दिली. सोडल्यावर ध्यानात आलं, मला इथे बरं वाटतंय. इथे मी केलेलं लोक गरम गरम खातात. ग्लेनिसनं मागची खोली दिलीय मला."

"अगं, पण हे सगळं मी तुझ्यासाठीच केलं!"

"पहिल्या शनिवारपर्यंत माझ्यासाठी होतं," ती म्हणाली. "पुढचं तुझं तुझ्यासाठी."

आतून घंटा वाजली. ती निघाली आणि पायरीवर थांबून वळली. "रविवारी येत जा. दोन वाजल्यानंतर ये हं, आधी जेवणाची गडबड असते."

परतताना मोठ्या रस्त्याच्या चौकात थांबायची पाटी होती. क्लाइव्हनं पाय टेकला मात्र, गाडी सरळ रेषेत, अलगद, आवाज न करता थांबली. डावीकडे कुणी नव्हतं, उजवीकडे कुणी नव्हतं. दोन्ही बाजूंना नुसती गव्हाची शेतं पसरली होती. मागून एक ट्रक आला, हॉर्न वाजवून वाजवून थकला आणि शेवटी वळसा घालून पुढे गेला. क्लाइव्हनं ब्रेकवरचा पाय काढला नव्हता.