न तपासलेला खडा

रत्नपारख्याची बायको लेकीच्या बाळंतपणाला जाऊन दोन महिने झाले होते, आणि तो तिला फोनवर रोज दूध नासल्याचं सांगत होता. सांगायचं होतं वेगळंच. घर खायला उठतंय, तू कधी येतेस? पण लेक म्हणाली होती, "आईला आता इथेच ठेवून घेते," आणि बायको त्यावर नुसती हसली होती. त्या हसण्याचा अर्थ विचारायची पारख्याची छाती होईना. मग काय, दुधावर बोलणं आलं.

जाताना तिने अंगठी मागे ठेवली होती. "खडा हलतोय, तेवढा बसवून आणा." लग्नानंतरच्या पहिल्या पगारात त्याने ती घासाघीस करून आणली, तेव्हा त्याला रत्नांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पुढे कळू लागलं, तेव्हा शंका आली. त्या किमतीत माणिक कसा मिळेल? तो स्पिनेल असणार. तस्साच लाल, तस्साच देखणा, पण माणिक नव्हे. साऱ्या गावाचे खडे तपासणाऱ्या या माणसाने घरचा खडा मात्र कधी तपासला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आज सोनाराकडे द्यायला म्हणून त्याने अंगठी प्रयोगशाळेत आणली, तर खडा आपोआप तबकात पडला. तेवढ्यात एक सराफ आले. "माणिक आहे. तपासून ठेवा, दुपारी नेतो," म्हणत त्यांनी पुडीतला खडा त्याच तबकात ठेवला आणि गेले. आलेला खडा आधी तोलायचा, हा प्रयोगशाळेचा नियम. पारखी तराजूकडे वळला आणि फोन वाजला.

"दूध?" बायकोने विचारलं.

"नासलं," तो म्हणाला आणि त्याचा कोपर तबकाला लागला.

दोन्ही खडे टेबलाखाली. पारखी गुडघ्यांवर. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "साहेब, खडे शोधताय ते ठीक, पण फोन चालू आहे. वहिनी हॅलो हॅलो करतायत."

खडे सापडले. दोन्ही लंबगोल, एकाच मापाचे, एकाच रंगाचे. पारखी डगमगला नाही. डोळा फसेल, उपकरण फसत नाही. दोन खिडक्यांच्या छोट्या नळीतून एका खड्यात दोन लाल दिसले, एक जांभळट, एक नारिंगी. उजेडाचे असे दोन भाग करतो तो माणिक. दुसऱ्याच्या दोन्ही खिडक्यांत एकच लाल. स्पिनेल.

"हा सराफांचा आणि हा आमचा," तो पुटपुटला. शेवटी मूठ उघडलीच. त्याला फार वाईट वाटलं. सराफ दुपारी माणिक आणि त्याचा दाखला घेऊन खुशीत गेले.

संध्याकाळी परत आले.

"काय हो, तुमच्याकडे खड्यांना खायला घालतात का?"

"म्हणजे?"

"सकाळी पुडीवर वजन लिहून आणला होता. आता जास्त भरतोय. नफा कुणाला नको असतो, पण मला भानगड नको."

पारख्याच्या पायाखालची जमीन सरकली. एकाच मापाचे असले तर माणिक स्पिनेलपेक्षा जड भरतो. त्याने आपला समजून ठेवलेला दुसरा खडा तोलला. पुडीवरच्या आकड्याशी तंतोतंत जुळला.

"म्हणजे माझा..." सराफांचा चेहरा उतरला.

"स्पिनेल."

"मग माणिक कुणाचा?"

"आमच्या हिचा," पारखी म्हणाला. तेव्हा अंगठी विकणाऱ्यालाही कळलं नव्हतं, घेणाऱ्यालाही नाही.

सराफ आपला खडा घेऊन गेले तसा त्याने फोन लावला. "अगं, तुझा खडा अस्सल माणिक आहे!"

"माहीत आहे. पोरगी शाळेत होती तेव्हाच दुसरीकडे तपासून घेतला मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

इतकी वर्षं उगाच भ्यायला होता तो. मग डोळे मिटून त्याने विचारूनच टाकलं, "तू परत कधी येतेस? मला करमत नाही."

"रविवारी. तिकीट केव्हाच काढून ठेवलंय. म्हटलं, बघू, हा माणूस विचारतो कधी." ती म्हणाली. "आणि दूध एकच पिशवी घेत जा. दोघांचं घेता, म्हणून नासतं."

"राहू दे," पारखी म्हणाला, "रविवारपर्यंतच तर आहे. सवय कशाला मोडू?"