पाच गोणपाटांची पंचायत

किसन माळ्याची पंचायत विहिरीजवळच्या निंबाखाली भरायची. पाच गोणपाटं पसरलेली आणि बसलेला एकटा किसन!

कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा मी तेल्हाऱ्याहून अमरावतीला आलो. दूर देशी कुठे तरी लढाई लागली म्हणे, आणि इथे आमची दिवाळी. विहिरीलगतच्या गाडीतळावर मी बैलांसाठी सरकी विकायला बसलो. पहिल्याच दिवशी जरा टेकावं म्हणून त्याच्या गोणपाटावर बसलो, तर हा खेकसला, "ऊठ! ते जागा भरलेली हाये."

"कोणानं?"

"पंचानं."

घ्या! बुढ्याला येड लागलंय, असं अख्खा तळ म्हणायचा. त्याचं मागणं एकच, तळ नाल्यापलीकडे हलवा. बैलांचं शेण-मूत, गाडीवानांची घाण, पाऊस पडला की सगळं उतारानं विहिरीत. हे सांगायला तो रोज अडत्यांच्या पेढ्या चढायचा.

"पंचायतीनं ठरवलं हाये, शेठ."

"बाकीचे पंच कुठी हायेत बे?"

"बसून हायेत तिथंच."

शेठ पोट धरून हसायचे. मीही हसायचो. तळ हलला तर माझी सरकी कोण घेणार?

मग पटकीची मरी आली. रोज एखाद्या घरातून रडणं ऐकू यायचं. लोकांनी मरीमायला लाकडी गाड्यात बसवलं, वेशीपार सोडायला. किसन नेहमी चिडायचा, "गाड्यानं तिले बाहेर सोडता, अन् गाड्याईच्या घाणीनं परत आनता!" आणि त्या दिवशी पाहतो तर गाड्याची दोरी त्याच्याच हातात!

शेजारची वाट मोकळी होती. पठ्ठ्यानं गाडा नेमका तळात घातला आणि कापसाच्या गाड्यांत अडकवला. मरीमायचा गाडा मागे फिरवत नाहीत. फिरवला की मरी गावातच राहते. बाया किंचाळल्या. शेठांचे चेहरे पांढरेफटक.

"मायले वाट द्या!" किसन ओरडला. "अन् मोकळीच ठेवा. पुढच्या साली पुन्हा अडली त कोन निस्तरन?"

शेठांनी स्वतः जू धरून गाड्या बाजूला ओढल्या. दोन दिवसांत तळ नाल्यापलीकडे गेला. माझी सरकीही गेली त्याच्यामागे.

निघताना त्याला गुळाचा खडा द्यावा म्हणून मी निंबाखाली गेलो. किसन एकेक गोणपाट झटकून घडी घालत होता.

"माय, जाय आता घरी. गिरजे, पोराईले घेऊन जाय. झालं काम."

माझ्या हातातला गूळ हातातच राहिला. मागच्या मरीत आई, बायको, दोन लेकरं, सगळं घर गेलं होतं त्याचं. मी परगावचा, मला कोण सांगणार? त्यानंच सांगितलं, आणि हेही, की पाणी त्यानंच शेंदलं होतं, याच विहिरीचं. मला रडू आवरेना.

चार गोणपाटं त्यानं काखेत मारली. पाचवं तसंच राहिलं.

"हे नाही उचलत, किसनभाऊ?"

"मी बसतो इथंच," तो म्हणाला. "घरी जाऊन काय करू?"