बोर किती?

पेठ गावात माझं पाइप-फिटिंगचं दुकान आहे आणि दुकानात हवालदार तात्या आहेत. दोन्ही सकाळी एकदमच उघडतात. मी शटर वर ढकलतो, तात्या स्टूल पुढे ओढतात आणि पहिलं गिऱ्हाईक दारात आलं की माझ्याआधी विचारतात, "बोर किती?"

बोर म्हणजे आतल्या भोकाचं माप, पाइपाला विचारलं तर ठीक आहे हो. पण शेजारच्या सुनेच्या हातातली बाळाची बाटली बघूनही तात्या विचारतात, "ह्या बुचाचा बोर किती गं? पोरगं लई जोर लावतंय." मला सर्दी झाली तर "बोर चोंदलाय" असं निदान करतात. रंगपंचमीला गल्लीतली पोरं पिचकाऱ्या घेऊन आली की त्यांना रांगेत उभं करून "खाली कर!" म्हणजे रिकामी कर, असा फौजी हुकूम सोडतात. पोरं हुकूम पाळतात, पण तात्यांच्याच अंगावर.

तात्या फौजेत आर्मरर होते, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे. बाप आणे गावच्या पठारावर मेंढरं राखायचा. पोरगं भरतीत उभं राहिलं आणि उभं आयुष्य रायफलींच्या पोटात डोकं घालून काढलं. त्यातही अभिमानाचं काम एकच, रायफल एका काडतुसावरून दुसऱ्यावर आणायची, म्हणजे तिचा बोर बदलायचा. नव्या रंगरुटाला मोठ्या गोळीचा दणका सोसत नाही, म्हणून शिकवणीपुरती रायफल बारीक काडतुसावर चढवायची.

"दणका गेला की पोरं डोळं मिटायची थांबत्यात," हे तात्या असं सांगतात की जणू बारशाची हकीकत चाललीय. काकू गेल्या, मुलगी सासरी. सांगायला त्यांच्याजवळ एवढी फौजच उरली आहे.

पण आमच्याकडे बोर म्हणजे पाण्याचा. निवृत्त होऊन आल्याआल्या तात्या पारावर म्हणाले, "मी फौजेत बोर बदलायचो," आणि घात झाला. कुणाचं पाणी आटलं की लोक यायला लागले. "तात्या, फौजेत एवढं बोर केलं, आमचा एक बघा की राव!" आण्याच्या भावकीनं तर जीप पाठवून नेलं. तात्यांनी भोकात बॅटरी मारली, "नळी साफ हाय, मॅगझिन रिकामं हाय," असा अहवाल दिला आणि जेवून परत आले.

त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात बागायतदार बापूंचा निरोप आला, "बोर बदलायचाय, तात्यांना घेऊन या," तेव्हा तात्या कातावले. मीही पिशवीत पाना आणि टेप टाकला.

बापूंनी कपाटातून लांबडी खाकी पिशवी काढली. आत वडिलांच्या वेळची, लायसन्सची सेमी-ऑटोमॅटिक रायफल. तात्यांनी आधी चपला काढल्या. मग स्वतःलाच "खाली कर" असा हुकूम देऊन ती रिकामी असल्याची खात्री केली आणि नळी उजेडाकडे धरून बघत राहिले.

"हिची काडतुसं आता मिळत न्हाईत," बापू म्हणाले. "मिळत्यात त्यांच्यावर चढवून द्या. उसात बिबट्या हाय. आमचा थोरला रातीचा मोटर चालू करायला जातो."

"लायसनवर जो बोर, तोच हत्यारात पाहिजे, बापू. बदलायचा तर सरकारची परवानगी लागती."

"परवानगीचं मी बघतो. तुमाला जमत नसंल तर तसं सांगा. आपला लेथवाला करून देतो म्हणतोय."

तात्यांचा अंगठा रायफलीवरून फिरत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना कुणी खरा बोर विचारला होता. आता हा माणूस तासभर बोलायचा थांबणार नाही, असं मी धरून चाललो.

"न्हाई जमत," तात्या म्हणाले. "कुणालाच जमणार न्हाई. ह्या जातीच्या रायफलीचा बोरच बदलत न्हाई. लेथवाला फुकट वाटोळं करंल. ठाण्यात जमा करा."

"मग फौजेत तुमी बदलत काय व्हता?"

"बोरच," तात्या म्हणाले. "पाण्याचं."

बापू पोट धरून हसले.

परत येताना मी गाडी थांबवून विचारलं, खरंच जमत नाही का?

"जमलं असतं, भाऊ. लई जमलं असतं. पण जमतंय म्हणलो असतो, तर मी न्हाई तर लेथवाला. मापात उगं जरा चुकलं की नळी फुटती. अन् ती गालाला टेकवून धरत्यात. बापू धरणार न्हाई, त्याचं पोरगं धरणार." मी गाडी चालू केली तेव्हा म्हणाले, "कुणाला बोलू नका. लेथवाल्याच्या कानावर जाईल."

बापूंनी रायफल जमा केली, पण किस्सा गावभर वाटला. तात्यांनी फौजेत बंदूक बघितलीच नाही, हे आता शाळेतली पोरंसुद्धा सांगतात. मला संताप येतो, आणि तात्यांसाठी जीव तुटतो.

परवा बापूंचा थोरला पाइप न्यायला आला. धडधाकट, नुकतंच लग्न झालेला. जाता जाता म्हणाला, "काय तात्या, फौजेत पंप चालू-बंद करायची ड्यूटी व्हती म्हणं?"

मी तोंड उघडलं. काउंटरखालून तात्यांनी माझा हात घट्ट दाबला आणि दुकानात सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले. तो पाइप खांद्यावर टाकून रस्ता ओलांडून गेला. दिसेनासा होईपर्यंत तात्या पाइपाला टेकलेल्या त्याच्या गालाकडे बघत होते, आणि माझा हात सोडायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं.