भिंतीवरच्या प्रश्नाबाबत ठराव

नीतिशिक्षणाच्या वर्गात फळ्याच्या वर एक प्रश्न रंगवलेला होता : ‘कोणी पाहत नसेल, तेव्हा तू काय करशील?’ तो याच शाळेत शिकवणाऱ्या माझ्या बाबांनी लिहिला होता. दर सुट्टीत स्टुलावर चढून ते अक्षरे पुन्हा गिरवत. बाबा गेले आणि तीन महिन्यांनी शाळेला रंग द्यायचे ठरले. प्रश्न ठेवावा की पुसावा, यासाठी समिती नेमण्यात आली : चार धर्मांचे चार प्रतिनिधी, मुख्याध्यापिका, सरकारी निरीक्षक आणि दिवंगतांची वारस म्हणून मी. बाबांचे एवढेच अक्षर उरले होते. ते वाचवायचे ठरवूनच मी गेले.

पहिली हरकत वयाने ज्येष्ठ असलेल्या प्रतिनिधींची. “कोणी पाहत नसेल म्हणजे काय? देव पाहतोच. मुलांना उगाच आशा कशाला लावायची?” उरलेल्या तिघांनी माना डोलावल्या. चार धर्मांचे एकमत होण्याची ही पहिलीच वेळ असल्याने ते इतिवृत्तात ठळक अक्षरांत नोंदवण्यात आले.

निरीक्षकांनाही वाईट वाटले. खात्याने वर्गावर्गात कॅमेरे बसवले असताना असे विचारणे म्हणजे खात्याच्या दक्षतेवर संशय. मुख्याध्यापिकांनी ‘सगळे पाहत असताना काय करशील?’ असा बदल सुचवला. त्याचे उत्तर शिस्तीच्या नियमावलीत छापलेलेच आहे, असे निरीक्षक म्हणाले. शिवाय ‘काय करशील’ म्हटले की मुले निवड करू लागतात, आणि निवडीचा अधिकार अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो.

चहाच्या वेळी मुख्याध्यापिकांनी मला खिडकीशी नेले. “हे बघ बाळ, वाद वाढला तर फाईल वर जाईल आणि तिथेच बसेल. एकमताने मिटलं, तर वाचनालयाला सरांचं नाव देता येईल. पितळी पाटी. भिंतीचं काय, ओल धरतेच.”

देश स्वतंत्र असल्याने मतदान गुप्त झाले. कोपऱ्यात पडदा, पडद्याआड पेटी. बाहेर आल्यावर चारही प्रतिनिधींनी मला एकेकट्याने गाठून हळूच सांगितले, “ताई, आमचं मत सरांच्या प्रश्नालाच.” मुख्याध्यापिकांनी माझा हात दाबला. निरीक्षकसुद्धा जाताजाता म्हणाले, की शेवटी आपणही माणूसच. मीही डोळे पुसत सगळ्यांना सांगितले, की माझे मत बाबांनाच.

निकाल : ठेवावा, शून्य. पुसावा, सात.

कोणी कोणाकडे पाहिले नाही. वाचनालयाचे उद्घाटन गुरुवारी आहे. पाटी सुबक झाली आहे. आपण अवश्य यावे. समितीवर एक जागा रिकामी होत आहे, आणि आपल्यासारख्या वाचकाहून योग्य माणूस कुठे मिळणार? मतदान गुप्तच असते, तेव्हा संकोच नसावा.