तिसरी हाक

आमच्या नगरपंचायतीचे शिपाई वासूकाका पेडणेकर मेलेल्या माणसांना हाका मारायचे. भर दुपारी, गणवेश घालून, रस्त्यावर उभं राहून.

हे ऐकून नवीन माणूस दचकतो, म्हणून आधी सांगते. मी तिथे कर विभागात लिपिक आहे. घरांच्या आकारणीच्या नोटिसा मी काढायच्या आणि वासूकाकांनी त्या घरोघर द्यायच्या. आता आमच्याकडे निम्मी घरं बंद. माणसं मुंबईला, कुलूप दाराला. आणि घर कुणाच्या नावावर, तर पणजोबांच्या. अकरा वारसांचं एकमत होईपर्यंत बारावा जन्माला येतो. त्यामुळे आमच्या गावात माणूस मरतो, पण रजिस्टरातून सहसा जात नाही.

घर बंद असलं की नोटीस दारावर चिकटवायची, असा नियम. कुठलाही शिपाई खळीचा डबा काढेल, फटकन चिकटवेल आणि पुढच्या घराला लागेल. वासूकाका तसं करत नसत. अंगणात उभे राहत, टोपी सारखी करत आणि नोटिशीवरचं नाव घेऊन हाक मारत. "धोंडू राघो मेस्त्री." थांबत. पुन्हा मारत. पुन्हा थांबत. तिसरी हाक सगळ्यात लांब, वाडीच्या टोकाला ऐकू जाईल अशी. मगच खळीला हात.

"काका, धोंडू मेस्त्री जाऊन तीस वर्षं झाली," मी म्हणायची.

"जावंदे. नोटीस तेंच्या नावाची आसा मां?"

"मग एकच हाक मारा. तीन कशाला?"

"बाय, भूत दोनच हाका मारता. तिसरी हाक माणसाची. बंद घराक कळाक व्हया, भायर माणूस इलो हा."

एकदा या मेस्त्र्यांचा पणतू कुणाला न सांगता मुंबईहून आला होता. मागच्या दाराने आत शिरून माजघरात झोपला होता. पणजोबांच्या नावाची तिसरी हाक ऐकून तो टॉवेलवर बाहेर आला, पांढराफटक. काका मात्र शांत. नोटीस मागायला पोराने हात पुढे केला, तर म्हणाले, "तेंका हाक मारलंय, तू खंयसून इलस?" आधार कार्ड बघितल्याशिवाय नोटीस दिली नाही ती नाहीच.

साहेबांनी, म्हणजे आमच्या मुख्याधिकाऱ्यांनी, एकदा त्यांना केबिनमध्ये बोलावून विचारलं, हे तीन हाकांचं कुठल्या कलमात आहे? ऑफिसात काका पुस्तकी मराठी बोलायचे. म्हणाले, "साहेब, शेऱ्यात 'घर बंद' असं लिहायचं असतं. हाक न मारता ते कसं लिहू? खोटं होईल." साहेबांनी पुढची फाईल ओढली. आम्ही बाहेर तोंडाला रुमाल लावून हसत होतो.

त्यांच्या बायकोला, सुलोचनाकाकूंना, मी ओळखत होते. सांदणं घेऊन कधीमधी ऑफिसात यायच्या. मिठबावच्या, तोंडाने फटकळ. एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "गावातल्या मेलेल्या मानसांची नावां घेतास, माझा नाव कधी तुमच्या तोंडात येवक नाय." काका लाजून झेरॉक्स मशीनमागे गेले. मग तिथूनच म्हणाले, "गो, डबो खंय ठेवलंस?"

चार वर्षांपूर्वी काकू गेल्या. काका पंधरा दिवसांनी कामावर आले आणि हाका पूर्वीसारख्याच चालू झाल्या. आम्हाला वाटलं, सावरले.

यंदा वरून आदेश आला, सगळी घरं संगणकावर घ्या, मयतांची नावं कमी करा, वारसांची लावा. मुदत महिनाअखेरची. काका निवृत्त होणार तेही महिनाअखेरीलाच. नावबदलाचे इतरांचे फॉर्म त्यांनी पायाला भिंगरी लावून गोळा केले. अखेर एकच घर राहिलं, त्यांचं स्वतःचं. जागा काकूंच्या मामाने दिलेली, म्हणून घर काकूंच्या नावावर. मी रोज आठवण करायची. ते म्हणायचे, "मृत्यूचा दाखला मिळाला नाही, मॅडम." तो दाखला आमच्याच ऑफिसात, पलीकडच्या टेबलावर मिळतो.

शेवटी एका रविवारी सकाळी मीच फॉर्म घेऊन त्यांच्या घरी गेले. कुंपणाच्या बेड्यातून आत पाऊल टाकणार, तोच थांबले. काका अंगणात उभे होते. सुट्टीच्या दिवशी गणवेशात, हातात नोटीस. स्वतःच्या दाराला त्यांनी कुलूप लावलं होतं. टोपी सारखी केली.

"सुलोचना वासुदेव पेडणेकर."

थांबले. दुसरी हाक मारली. पुन्हा थांबले. तिसरी सुरू केली आणि ती मध्येच फुटली. खोकून, घसा साफ करून त्यांनी ती पहिल्यापासून मारली. मला रडू आवरेना. वळून जावं तर पायाखाली सुकलेल्या पानांचा आवाज झाला.

काकांनी बघितलं. खळ्यातल्या पेळेवर, अंगणाच्या कडेच्या बुटक्या कट्ट्यावर, बसले आणि मलाही बसायला सांगितलं.

"चाळीस वर्सां 'गो' म्हणान भागला," ते म्हणाले. "नाव घेवची लाज वाटायची. ती गेली, आता 'गो' म्हणान कोणाक हाक मारतलंय? नोटीस इली काय वर्साक एकदा नाव घेतंय. सरकारी काम, म्हणान लाज वाटणा नाय."

मी हातातला फॉर्म पाठीमागे घेतला.

"फॉर्म हाडलंस मां? दी हय."

"राहू दे, काका."

"नियम तो नियम. गावाक लावलंय, माका नको?" खिशातून पेन काढलं, सावकाश सही केली, मृत्यूचा दाखला पिशवीतून काढून जोडला. चार वर्षं तो पिशवीतच होता. मग कुलूप उघडून ते आत गेले, माझ्यासाठी चहा ठेवायला.

सोमवारी यादी साहेबांकडे गेली. एका नावापुढे बदल नव्हता. साहेबांनी चष्मा वर केला. "सुलोचना पेडणेकर. आपल्या वासूचंच घर ना हे? शेरा काय लिहिलाय तुम्ही, घर बंद?"

सही केलेला फॉर्म माझ्या खणात होता. वीस वर्षांच्या नोकरीत त्याआधी मी एकही कागद दडवला नव्हता.

"हो सर," मी म्हणाले. "तीन हाका मारल्या. आतून कुणी ओ दिली नाही."