ऋजुताला बघायला आलेली मुलगी

न जन्मलेली मुलं आईला बघायला येतात तेव्हा अनवाणी येतात. ऋजुताला बघायला आलेल्या मुलीने मात्र दाराबाहेर चपला काढल्या, आणि ही ऋजुताला खटकलेली पहिली गोष्ट.

चपला निळ्या होत्या, टाचेशी झिजलेल्या. ऋजुता पाण्याचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिथूनच तिला त्या दिसल्या आणि ट्रेमधले पेले एकमेकांवर आपटले. सासूबाईंनी मागून हळूच तिचं कोपर धरलं.

"अगं, पाणी द्यायचंय, सांडायचं नाहीये," त्या म्हणाल्या. "पाणी सांडलं की त्यांना वाटतं, मूलही सांडेल."

लग्नाला दोन वर्षं झाली की अपत्ययोग कार्यालयाकडून निरोप येतो आणि एखाद्या रविवारी एक मध्यस्थ बाई एका अपत्याला घेऊन घरी येतात, हे त्या शहरात सगळ्यांना माहीत होतं. घर आवरायचं, पोहे करायचे, सुनेने साडी नेसायची. अपत्याने होकार दिला की वर्षभरात त्याला जन्म द्यायचा. नकार देण्याचा अधिकार फक्त अपत्याला होता. जन्म त्याला घ्यायचा असतो, आईला तो नुसता द्यायचा असतो, असं नियमात स्पष्टच म्हटलं होतं. गर्भ न राहण्याच्या गोळ्या औषधांच्या दुकानात मिळत नव्हत्या असं नाही. मिळत होत्या, पण अपत्याचा नकार दाखवल्यावर.

ऋजुताला मूल नको होतं. आत्ता नको होतं की कधीच नको होतं, ते तिला अजून उमगलेलं नव्हतं. ते उमगेपर्यंत जरा थांबावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. तिने ते नवऱ्याला, अमोघला, सांगूनही पाहिलं होतं.

"मग नकार येऊ दे म्हणून देवाला सांग," अमोघ म्हणाला होता. "आपल्या हातात काय आहे?" आणि आपल्या हातात जेवढं होतं तेवढं म्हणून त्याने पोह्यांसाठी कांदे चिरून दिले होते.

मध्यस्थ बाईंचं नाव खानोलकर. त्या पर्स मांडीवर घेऊन सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या. शेजारी ती मुलगी, आठ-नऊ वर्षांची दिसणारी, दोन वेण्या, पाय जमिनीला न टेकणारे. तिने पाण्याचा पेला उचलला, अर्धा प्यायली आणि जिथून उचलला होता नेमकी तिथेच ठेवला. सवय असल्यासारखी.

"झोप कशी आहे तुमची?" खानोलकरबाईंनी सुरुवात केली.

"सावध आहे," ऋजुता म्हणाली. मग तिला वाटलं, हे गुणात धरतील, म्हणून तिने घाईने जोडलं, "म्हणजे मी फार दचकते. साध्या साध्या गोष्टींना. चांगलं नाही ते."

"अहो, असं कसं? दचकणाऱ्या आयांना फार मागणी आहे. बाळानं कूस बदलली की ही उठून बसलीच म्हणून समजा."

तेवढ्यात शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली आणि ऋजुता जागच्या जागी उडाली.

"बघितलंस?" खानोलकरबाई मुलीला कौतुकाने म्हणाल्या.

मग नक्षत्र विचारलं. सासूबाईंनीच 'चित्रा' म्हणून सांगितलं. मग अंगाई म्हणायला सांगितली. ऋजुताने आठवडाभर ठरवून ठेवल्याप्रमाणे ती शक्य तितकी बेसूर म्हटली. खानोलकरबाईंनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली. "सुराचं काही नाही हो. मुलं झोपतात ती कंटाळ्यानं," त्या म्हणाल्या. मग उशी कडेवर घेऊन खिडकीपर्यंत चालून दाखवायचं होतं. ऋजुताने उशी पाडायचं ठरवलं होतं, पण ऐन वेळी पडू लागलेली उशी तिने नकळत सावरली. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिला स्वतःच्या हाताचा भयंकर राग आला.

"आणि तुम्ही?" खानोलकरबाई अमोघकडे वळल्या. "घोरता का?"

"थोडा."

"चालेल."

अमोघची मुलाखत संपली.

"माझ्या वेळी एका दुपारी तिघं आली होती," सासूबाई पोह्यांच्या बश्या मांडत म्हणाल्या. "तीन भावंडं ओळीनं बसली होती या सोफ्यावर. हा मधला. पोहे तीनदा मागितले यानं, म्हणून मी पास झाले."

"आई, आता ते कशाला," अमोघ म्हणाला आणि त्याने पुढे केलेला हात मागे घेतला.

"चांगलंच आहे की," खानोलकरबाई हसल्या. मग त्यांनी पर्सचा चाप लावला आणि आवाज थोडा खाली आणला. "आता मी स्पष्ट बोलते. ही आमची मुलगी गुणी आहे, पण चोखंदळ. इतकी घरं बघून झाली की पायांना फोड आले, म्हणून कार्यालयानं चपला दिल्या. आता मात्र वरून सांगणं आलंय. नुसतं 'नको' म्हणून भागणार नाही, सबळ कारण लागेल. आणि या घरात कारण काढायचं तरी कुठून? तेव्हा तुम्ही अगदी निश्चिंत राहा."

ऋजुताने हसण्याचा प्रयत्न केला, ते सगळ्यांना लाजणं वाटलं.

"दोघींना एकांतात काही बोलायचं असेल ना?" सासूबाईच म्हणाल्या. "जा, गॅलरीत जा. पद्धतच आहे."

गॅलरीत अमोघचे मोजे वाळत होते. मुलीने ते बाजूला सरकवून कठड्याशी जागा केली आणि खाली रस्त्याकडे बघत उभी राहिली.

"तुझं नाव काय?" ऋजुताने विचारलं.

"ते तुम्ही ठेवायचं असतं."

"हो. खरंच की."

"तुम्ही खूप घाबरलाय का?"

"हो," ऋजुता म्हणाली. "तू?"

"मी पण. एकदा आलं की परत जाता येत नाही ना. तिकडे तसं बरं चाललंय. मोठा हॉल आहे, खिडक्या आहेत, कॅरम आहे. राणी हरवलीय त्यातली, पण आम्ही बटण ठेवून खेळतो."

"मग तू सगळ्यांना नाही का म्हणालीस? कॅरमसाठी?"

"नाही हो." मुलगी जरा रागावली. "सगळ्या अशाच असतात. साडी नेसतात, गोड बोलतात, पोहे देतात. कळतच नाही कुणाला काय हवंय. मग एकदा एकीला मी असंच गॅलरीत विचारलं, मी नाही म्हटलं तर चालेल का? तर ती रडायलाच लागली. मला वाटलं, तिला वाईट वाटलं. पण तसं नव्हतं, तिनं माझे हातच धरले. थँक्यू म्हणाली. तेव्हापासून मी सगळ्यांना तेच विचारते. जिला हवीय, ती 'नाही चालणार' म्हणेल की. मग मी जाईन. मला घाई नाहीये." ती ऋजुताकडे वळली. "तुम्हाला विचारू?"

"विचार."

"मी नाही म्हटलं तर चालेल का?"

"चालेल," ऋजुता म्हणाली, आणि ते इतक्या झटकन तोंडातून गेलं की ती स्वतःच दचकली. "अगं, तुझ्यात काही... तू छान आहेस. खरंच छान आहेस. पण..."

"असू दे. पटकन सांगितलंत ते बरं झालं. पोहे पण चांगले होते."

आतून खानोलकरबाईंचं हसणं ऐकू आलं.

"पण कारण काय सांगायचं?" मुलगी म्हणाली. "जिना उंच आहे, हे सांगून झालं. घरात मांजर आहे, बाबा फार बोलतात, भाजीत गूळ घालतात, सगळं सांगून झालं. आता काही सांगितलं तर बाई म्हणतील, हे कारण नाही, हे नखरे आहेत. आणि मला मग तुमच्याकडेच यावं लागेल."

ऋजुताने कठडा घट्ट धरला. तिला स्वतःचं लग्न जमवण्याचे दिवस आठवले. किती ठिकाणांहून नकार आले होते; कुणी कधीही तिचा रंग काढला नाही, उंची काढली नाही, दचकणं काढलं नाही. सगळे किती सभ्यपणे एकच गोष्ट म्हणाले होते. त्यावर आईबाबांनीही कधी वाद घातला नव्हता. वाद घालताच येत नाही.

"पत्रिका," ती म्हणाली. "पत्रिका जुळत नाही म्हणायचं."

"पण मला पत्रिकाच नाही. अजून जन्मच नाही झाला."

"मग कार्यालयात काय बघतात?"

मुलीने विचार केला. "बघतात खरं. होकार द्यायच्या आधी मला माझी पसंतीची जन्मवेळ सांगावी लागते. ती ते लोक बदलत नाहीत. त्यावरून आईची आणि माझी नाडी बघतात. पण आमच्याकडचं कुणी त्यावरून अडलेलं मी ऐकलं नाही. सगळे जुळेल अशीच वेळ मागतात."

"आणि नाडी एक आली तर?"

"तर जुळत नाही. आणि दोष कुणाचाच नाही. मी माझ्या हॉलमध्ये, तुम्ही तुमच्या घरी. एकनाड आली की त्या बाईकडे कार्यालय पुन्हा कुणाला पाठवत नाही. तिनं स्वतः बोलावलं तरच."

ऋजुताला एकदम दोन्ही कानांत वारं शिरल्यासारखं झालं. "माझं नक्षत्र चित्रा. चित्रेची नाडी कुठली? तुला माहितीय?"

"मला नाही येत ते."

"मलाही नाही येत." पंचांग आत, हॉलमध्ये, खानोलकरबाईंच्या अगदी डोक्यावर खिळ्याला टांगलेलं होतं. ऋजुताने दार थोडं उघडलं. "आई," तिने हाक मारली, आणि आवाज चिरकला. "जरा पंचांग देता का? हिला... हिला सण बघायचेत आपले."

सासूबाई पंचांग घेऊन आल्या. त्यांनी गॅलरीचं दार मागे लोटलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, पुन्हा सुनेकडे पाहिलं.

"सण पहिल्या पानांवर आहेत," सासूबाई म्हणाल्या. "तू मागची पानं का उघडतेयस?"

मुलगीच म्हणाली, "आजी, आम्हाला एकनाड हवीय."

ऋजुताने डोळे मिटून घेतले. आता आरडाओरडा होईल, अमोघ येईल, खानोलकरबाई येतील. पण काहीच झालं नाही. पानं उलटल्याचा आवाज आला.

"चित्रा मध्य नाडी," सासूबाई म्हणाल्या. "धनिष्ठा सांग. तीही मध्य. सोपं पडेल, लक्षातही राहील. वेळ मी काढून देते, थांब." त्यांनी पदराच्या टोकाने चष्मा पुसला आणि बोट सारणीवरून खाली नेत राहिल्या. "तिघं एका दुपारी आली होती माझ्याकडे. अमोघ आहे तो आहे, त्याच्याशिवाय आता करमणार नाही मला. पण कुणी विचारलं असतं, तर मी जरा दम घेऊ द्या म्हटलं असतं. मला कुणी पंचांग दाखवलं नाही." मग त्यांनी मुलीला वेळ सांगितली, तीनदा म्हणून घेतली आणि दार ढकलून मोठ्याने बोलत आत गेल्या, "फारच गोड हो मुलगी! अगदी आपल्या घरातली वाटते!"

"मी कधी बोलावलं तर येशील का?" ऋजुताने घाईने विचारलं.

"तेव्हा असले तर बघू," मुलगी म्हणाली. "नव्यानं बोलावलं की दुसरं नक्षत्र मागता येतं. पण खोटं बोलावू नका हं."

"नाही."

निघताना मुलीने सासूबाईंना वाकून नमस्कार केला, चपला पायांत सरकवल्या आणि खानोलकरबाईंच्या मागोमाग जिना उतरली. "आठवड्याभरात कळवू," खालून आवाज आला.

आठवडा गेला, आणखी दिवस गेले. कार्यालयाकडून काही आलं नाही. एका दुपारी दोन माणसं मात्र आली, शिडी घेऊन. हॉलच्या छताला असलेला हुक त्यांनी ओढून पाहिला. एक जण तर त्याला लोंबकळला.

"हुक दणकट आहे," तो खाली उतरत म्हणाला. "पाळण्याला काही भीती नाही. अभिनंदन वहिनी!"

"पसंती आली का?" ऋजुताने विचारलं.

"ते आम्हाला सांगत नाहीत. आम्ही सगळ्यांचे हुक बघून ठेवतो."

ते गेल्यावर ऋजुता हुकाखालून जायचं टाळू लागली; हॉलमध्ये जायचं असलं की भिंतीच्या कडेने जायची. मुलगी वेळ विसरली असेल. वेळ चुकून जुळणारी निघाली असेल. खानोलकरबाईंना गॅलरीतलं सगळं ऐकू गेलं असेल. अमोघ म्हणाला, "अगं, त्यांचा फोन कसा येईल? आपली बाजू पडती. अशा कामात आपणच करायचा असतो फोन."

मग तिने फोन लावला. तो एंगेज होता. पुन्हा लावला, तेव्हा वाजला आणि वाजत राहिला. पुन्हा लावला, तेव्हा एका बाईच्या आवाजात अंगाई सुरू झाली, ती संपली आणि पहिल्यापासून सुरू झाली. सासूबाई मेथीची जुडी घेऊन तिच्याजवळ येऊन बसल्या. निवडत काहीच नव्हत्या. एकच काडी हातात धरून बसल्या होत्या. अमोघ दारात येऊन उभा राहिला. अंगाई तिसऱ्यांदा सुरू होऊन मध्येच तुटली. ऋजुता दचकली.

"हॅलो, अपत्ययोग कार्यालय. खानोलकर बोलतेय."

ऋजुताने नाव सांगितलं. पलीकडून एक मोठा, मायेचा उसासा आला.

"अहो, मी तुम्हाला फोन करणारच होते. घर इतकं छान हो तुमचं. माणसं छान. तिला तर तुम्ही मनापासून आवडलात, जाईपर्यंत तुमचंच बोलत होती. आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं हो, पण..."

ऋजुता होती तिथेच, मेथीच्या शेजारी, फरशीवर बसली.

"हो का?" ती म्हणाली. "अरेरे."