डॉक्टरची पक्की चौकशी

देवीदास रामटेकेला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता! निदान भिलाईत तरी. प्लांटच्या टाइम ऑफिसात तो हजेरी तपासायचा. एकाचं टोकन दुसऱ्याने टाकलं तर आपण नुसत्या आवाजावरून ओळखतो, असं तो सांगायचा. म्हणजे तोच सांगायचा.

त्यामुळे आईच्या, भागाबाईच्या, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा डॉक्टर शोधायचं काम त्याने दुसऱ्या कोणाला दिलंच नाही. दिवस भलते होते. पोलादाच्या भट्ट्या उभ्या राहत होत्या, देशभरातून माणसं येत होती, आणि त्यांच्यामागून सुया घेऊन फिरणारे भोंदू डोळेवालेही. अहिवाऱ्याच्या एका बाईचा मोतीबिंदू असल्याच एकाने झाडाखाली बसून सुईने आत ढकलला. बाईला दोन दिवस लख्ख दिसलं. मग कायमचा काळोख! हे ऐकल्यापासून भागाबाई डोळ्याला कोणाला बोट लावू देत नव्हती.

"तू काऊन भेते, आई?" देवीदास म्हणाला. "आधी डिग्री पाहीन. मग रजिस्टर नंबर. मग प्लांट त्याचं बिल मानते का, ते. तीन सवालात माणूस उघडा पाडतो!"

ऑफिसातल्या बळीरामने पत्ता दिला. पावर हाउसच्या बाजारामागे, डोळ्याची पाटी, तिथे अरुंद दार.

मे महिन्यातला रविवार. आईचा हात धरून देवीदास बाजारामागे पोचला आणि वावटळ उठली. बांधकामाची तांबडी धूळ अशी चढली की भर दुपारी सूर्य पिकल्या फोडासारखा दिसू लागला. रस्ता क्षणात ओस पडला. एका खिळ्यावर लटकलेली टिनाची पाटी करकरत होती. तिच्यावर रंगवलेला भला मोठा डोळा, आणि खाली बाण. बाणाने दाखवलेल्या दारात देवीदास आईला घेऊन शिरला.

आत गारवा होता, अंधार होता, आणि भिंतीशी बाकड्यावर पेशंट बसले होते. सहा-सात बाया. अंगावर लुगडी, डोळ्यांवर पांढऱ्या पट्ट्या. कोणी हालत नव्हतं. कोणी खोकत नव्हतं. दवाखान्यात बसून एकही बाई बोलत नाही म्हणजे काय!

"जय भीम," देवीदास हळूच म्हणाला.



त्याने आईला बाकड्याच्या टोकाला बसवलं. मग समोरच्या फळीकडे पाहिलं आणि तो एक पाऊल मागे सरला. फळीवर परात होती. परातीत डोळे होते. पाचपन्नास डोळे, आणि सगळे त्याच्याकडेच पाहत होते!

"या जी," आतल्या पडद्यामागून म्हातारा आवाज आला. "हातात काम हाय. तिथूनच बोला. डोळे बसवाचे हायेत का?"

"बसवाचे?" देवीदासचा आवाज चिरकला. "आईचे आहेत. जुने."

"जुने खरवडून काढीन. खाचेत गरम राळ ओतीन आन नवे दाबून बसवीन. काही कठीण नाही."

"दुखत नाही?"

"पस्तीस वर्सं झाली जी. एकीनंही तक्रार केली नाही!"

भागाबाईने नाक वर करून वास घेतला. "बाबू, इथं ओल्या मातीचा वास येऊन राहिला."

"आई, तू गप राह्य. मी चौकशी करून राहिलो." देवीदासने घाम पुसला आणि एकदम तिसराच सवाल टाकला. "प्लांट मानते का तुम्हाले?"

"मानते? अवो, मायं काम गेटाच्या आत हाय. मोठमोठे सायेब जोडे काढून हात जोडतात!"

"आन ह्या बाया? कवाच्या बसल्या?"

"कोणी महिन्याची, कोणी दोन महिन्यांची. ती कोपऱ्यातली तर दिवाळीपासून बसली हाय. घ्यायलेच कोणी आलं नाही बिचारीले. मानही ढिली झाली. उद्या काढतो आन दुसरी लावतो."

देवीदासने एकदा दाराकडे पाहिलं. तरी तो टाइम ऑफिसचा माणूस! साक्षीदार गाठायला हवा. तो शेजारच्या बाईकडे वाकला आणि कुजबुजला, "बाई, खरं सांगा, हा मानूस कसा आहे?" बाई बोलेना, म्हणून त्याने तिचा हात धरला. हात बर्फासारखा गार होता. त्याने जरा ओढला.

हात त्याच्याजवळच राहिला!

देवीदासने जी किंकाळी फोडली ती म्हणे स्टेशनपर्यंत गेली. त्याच क्षणी वाऱ्याने खिडकी धाडकन् उघडली आणि खोलीत धूळच धूळ झाली. डोळे मिटूनच तो बाकड्याकडे झेपावला, लुगडं चाचपलं, आईला खांद्यावर टाकलं आणि बाहेर पळाला. आई किती हलकी झाली, हा विचार त्याला धावतानाही टोचला. दोन पावलांवर दुसरं दार होतं. तो आत घुसला.

पांढऱ्या कोटातली एक बाई टेबलामागून उठली. डॉक्टर रत्नमाला त्यांचं नाव.

"वाचवा जी! तिकडे डोळे खरवडतात! माया आईले पाहा, ती बोलून नाही राहिली!"

डॉक्टरीणबाईंनी खांद्यावरच्या आईकडे पाहिलं. डोळ्यांवर पट्टी, नाकात नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांनी बोटाने टकटक केलं.

"पोकळ लाकडाची आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही बसा. आधी तुमची नाडी पाहते."

तेवढ्यात दारात भागाबाई आली. मातीच्या लगद्याने हात माखलेला एक म्हातारा तिला धरून आणत होता. तो शेजारचा धोंडबा, मूर्ती घडवणारा. प्रतिष्ठा होईपर्यंत देवीचे डोळे बांधून ठेवतो, हे सांगता सांगता त्याला हसू आवरेना. डॉक्टरीणबाईंची पाटी वाऱ्याने उलटी फिरली होती.

"देव सोडून अडीच वर्सं झाली आपल्याले," भागाबाई कडाडली, "आन तू मायले टाकून देवी घेऊन पळाला!"

देवीदासने डिग्री विचारली नाही. बाईंनीच सर्टिफिकेट त्याच्या मांडीवर ठेवलं, नंबर दाखवला, प्लांटचा फॉर्म मागून सही केली. मग भागाबाईचा डोळा बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "आजी, भिऊ नका. सुई फिरवणारी नाही मी. आधी एका डोळ्यातला मोतीबिंदू पूर्ण काढते, नीट दिसेल."

भागाबाईने त्यांचा हात चाचपून पाहिला. हात उबदार होता. "काढ, बाई," ती म्हणाली.

पंधरवड्याने पट्टी सुटली, जाड भिंगाचा चष्मा चढला. देवीदास समोर उभा होता. तीन वर्षांनी आईने त्याला पाहिलं. पोट पाहिलं, टक्कल पाहिलं, डोळ्यांतलं पाणी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डॉक्टरीणबाईंकडे वळून हळूच म्हणाली,

"दुसऱ्या डोळ्याची काही घाई नाही, बाई."